बग्गीला खेळणं म्हणू नका

खोकं उघडलं, आणि त्यात गाडी नव्हती.

खोक्यावर होती. निळी-पिवळी, चारही चाकं जमिनीपासून वर, मागे धुळीचा लोट. आत मात्र पुड्याच पुड्या. एकीत स्क्रू, दुसरीत त्याहून बारीक स्क्रू, तिसरीत पिटुकले दांडे, आणि चौथीत काय होतं ते मला आजही माहीत नाही, कारण ती फोडताना आतला माल दिवाणाखाली गेला. मोटर नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही. इतकंच काय, टायरसुद्धा नाहीत.

"अहो, यात गाडी कुठी आहे?" रंजीतानं विचारलं. रंजीता म्हणजे माझी बायको. प्रश्न ती नेहमी साधाच विचारते, त्यामुळे उत्तर देणं फार कठीण जातं.

"ही शर्यतीची किट आहे," मी शांतपणे म्हणालो. "यात सगळे पार्ट आपापल्या पसंतीनं निवडून बसवायचे असतात. जाणकार लोक असंच घेतात."

हे मी खोक्याच्या बाजूवरच्या बारीक अक्षरांत नुकतंच वाचलं होतं. तिचा प्रश्न संपल्यावर आणि माझं उत्तर सुरू होण्याआधी.

आता हे खोकं माझ्या घरी आलंच कसं, ते सांगतो. मी वडशाला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्याकडं दिवाळीनंतर मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. यंदा आमच्या वॉर्डाच्या मंडईच्या कमिटीत कय्यूमभाई आले. त्यांचं शिलाई मशीनचं दुकान आहे, आणि डोकं कायम पुढच्या वर्षीचं चालतं. त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा देशात रिमोटच्या गाड्या मातीत उड्या मारताना पाहिल्या आणि थेट माझ्या घरी आले.

"सर, बैलायचा पट सगळेच ठेवते. आपन रिमोटच्या बग्ग्यायचा पट ठेवू. बॅटरीवाल्या. धूर नाई, पेट्रोल नाई. आन पयली बग्गी तुमची."

"कय्यूमभाई, मी कधी..."

"तुमी फिजिक्सचे मानूस. तुमाले नाई जमन तर कोनाले जमन?"

फिजिक्सच्या माणसाला 'तुम्हाला जमणार नाही' म्हटलं तर तो सुखानं घरी जातो. 'तुम्हालाच जमेल' म्हटलं की तो संपला.

तरीही मी काही ना काही निमित्तानं सुटलो असतो. पण रंजीतानं ही बातमी फोनवर तिच्या मोठ्या बहिणीला, चंद्रपूरच्या स्वातीताईंना सांगितली. स्वातीताईंचे यजमान अंकुशराव घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनियर आहेत. माणूस वाईट नाही. फक्त प्रत्येक गोष्ट ते आपल्याआधी घेतात. इन्व्हर्टर त्यांनी आधी घेतला, मोठा फ्रीज त्यांनी आधी घेतला, चष्मासुद्धा त्यांनाच आधी लागला. त्याच संध्याकाळी स्वातीताईंचा उलटा फोन आला, की हेसुद्धा मंडईला येताहेत आणि त्यांची बग्गी तयार मिळालीसुद्धा.

"मी ताईले सांगितलं," रंजीता म्हणाली, "का आमचे स्वतः बनवून राह्यले."

म्हणजे आता माझ्या अब्रूबरोबर तिचीही त्या खोक्यात होती, सुट्या भागांत.

पार्ट निवडणं हा प्रकार ज्यानं केला नाही त्याला माझं दुःख कळायचं नाही. मोटरचंच घ्या. तारेच्या कमी वेढ्यांची मोटर जोरात पळते पण तापते. जास्त वेढ्यांची तापत नाही पण पळतही नाही. मधली घ्यावी, तर इंटरनेटवरचे जाणकार म्हणतात की मधली घेणाऱ्याला आपल्याला काय हवंय तेच माहीत नसतं. हे वाचून मी फार दुखावलो, कारण ते खरं होतं. मोटर ठरली की तिला चालवणारा स्पीड कंट्रोलर तिला पेलेल ना, ही काळजी. कंट्रोलर ठरला की त्याचा प्लग बॅटरीच्या प्लगात बसेल ना, ही काळजी. (बसला नाही.) माझं वजन त्या आठवड्यात कमी झालं असावं. गणिताचे सर मला 'प्रकृती बरी आहे ना' म्हणून दोनदा विचारून गेले.

टायरबाबत सगळे विद्वान एकच विचारत: तुमची माती कशी आहे? मी खरं ते लिहिलं, की धान कापलेली बांधी आहे, म्हणजे भाताचं शेत, त्यात थोटकं उभी आहेत आणि मधूनमधून बैलांचे खूर उमटलेले आहेत. एका परदेशी गृहस्थानं उत्तरादाखल नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. मग मीच दसरूभाऊंच्या बांधीत गेलो, कारण पट त्यांच्याच शेतात होता, आणि वाकून ढेकूळ फोडून पाहू लागलो.

"काऊन सर, बोर मारून राह्यले का?" दसरूभाऊंनी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, विचारलं. पटाच्या बैलांत त्यांचं नाव मोठं.

मी बग्गीचा मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो बैल पारखावा तसा बराच वेळ पाहिला.

"पुढून दबलं आहे तुमचं जनावर. मान उचलून चाललं पायजे. पुढचं वर घ्या."

इतक्या अधिकारानं इंटरनेटवर कोणी बोललं नव्हतं. जोडताना पुढची बाजू वर घ्यायची, असं मी ठरवून टाकलं. पुढे चाचणीत रिमोटचा घोडा, म्हणजे बोटाखालची वेगाची कळ, जरा दाबला, की बग्गी मान उचलायची, अजून उचलायची, आणि पाठीवर पडायची. शेवटी ती बाजू गुपचूप पुन्हा खाली घ्यावी लागली. पण ते नंतर. त्या वेळी माझ्याजवळ बॅटरी कुठे होती?

बॅटरी नागपूरला अडकली होती. कुरियरवाल्यांचा फोन आला. अशी बॅटरी विमानानं चालत नाही, रस्त्यानं येईल, पण जिल्हा गडचिरोली म्हणून एक चौकशी करायची आहे.

"सर, ही वस्तू स्फोटक आहे का?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं असतं, हे कोणालाही कळेल. पण मी आयुष्यभर पोरांना अर्धवट उत्तराचे गुण कापलेला माणूस. "तसं पाहिलं तर," मी म्हणालो, "लिथियम आहे. योग्य परिस्थितीत, म्हणजे छिद्र पडलं किंवा जास्त चार्ज झालं तर, नक्कीच..."

फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.

दोन दिवसांनी अकरावीच्या तासाला शिपाई दारात आला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेतानं हळूच म्हणाला, "सर, तुमाले पोलीस स्टेशनात बोलावलं." माझ्या तासाला इतकी शांतता कधीच नव्हती. घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. शेजारच्या कांताबाई रंजीताच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"घाबरू नोको माय. सर तसे सज्जन दिसते."

'तसे' हा शब्द मला स्टेशनापर्यंत टोचत राहिला. रंजीता बरोबर आली. मी नको म्हणालो होतो, पण आवाज नीट निघाला नसावा.

ठाणेदार तरुण होते, पश्चिम महाराष्ट्राकडचे, आणि फार सभ्य. "बसा ना सर," म्हणाले. चहा मागवला. पोलीस ओरडले तर माणूस काहीतरी समजतो. चहा मागवला की काय समजावं? टेबलावर माझं पार्सल उघडं पडलं होतं.

"सर, बॅटरी, वायरी, आणि आधीच्या पार्सलात रिमोट. एकाच नावावर. या जिल्ह्यात. मी काय समजायचं?"

"साहेब, ही चारही चाकांना ताकद देणारी, ब्रशलेस मोटरची..."

"रिमोट किती लांबून चालतो?"

"मोकळ्या जागेत बराच लांबून," मी म्हणालो. विषय माझा होता, त्यामुळे जरा धीर आला.

"आणि वेग?"

"मोटरसायकलला मागं टाकेल!"

"वजन किती वाहून नेईल?"

"चेसिस मजबूत आहे, त्यामुळं..." आणि इथं मला दिसलं, की साहेब सगळं लिहून घेताहेत, दारातला शिपाई आत आला आहे, आणि माझी उत्तरं कोणत्या गावाला चालली आहेत. मी काहीतरी गुरुत्वमध्याबद्दल बोललो असं रंजीता सांगते.

"साहेब," ती म्हणाली, "खेळणं आहे."

साहेबांनी पेन थांबवलं.

"यांचं," तिनं खुलासा केला.

ठाणेदारांनी माझ्याकडं पाहिलं. टक्कल, खिशातले तीन रंगांचे पेन, गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र. "खेळणं?" त्यांनी मलाच विचारलं.

एका बाजूला वैज्ञानिक सत्य होतं आणि दुसऱ्या बाजूला कोठडी. "खेळणं," मी म्हणालो.

तसं लिहून द्यावं लागलं. 'मी, फिजिक्स विषयाचा अधिव्याख्याता, सदर वस्तू खेळणे असून मी स्वतः तिच्याशी खेळणार आहे, असे लिहून देतो.' मी बग्गी असा शब्द घातला होता, तो साहेबांनी काढायला लावला. म्हणाले, वर वाचणाऱ्याला घोडागाडी वाटेल. त्यांचं बरोबरच होतं. कांताबाईंनी परवाच मला विचारलं होतं, की बग्गी घेतली तर घोडा कुठी बांधान?

"मंडई कधी आहे?" निघताना ठाणेदारांनी विचारलं. "बंदोबस्त आमचाच असतो. मी येतो बघायला."

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं. मी घरापर्यंत ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं, पण त्यात मला प्रेम काही सापडलं नाही.

बॅटरी घरी आली, आणि मग ती पेटेल ही काळजी सुरू झाली. जाणकार सांगतात, चार्जिंग मातीच्या भांड्यात ठेवून करा, जवळ वाळू ठेवा, नजर हटवू नका. कांताबाईंनी मडकं दिलं. मी त्यात वैनगंगेची वाळू घातली, वाळूवर बॅटरी ठेवली, अंगणाच्या मधोमध मांडलं, आणि रविवारी दुपारी समोर पाट टाकून हात जोडल्यासारखा बसलो. रंजीतानं वाळत घातलेले कपडे उचलले. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बाया थांबल्या, कांताबाईंना काही विचारलं, आणि नमस्कार करून गेल्या. मी घोटभर पाणी प्यायला आत गेलो आणि बाहेर आलो तर मडक्याला कुंकू लागलं होतं, आणि बॅटरीपासून चार बोटांवर एक उदबत्ती धुमसत होती.

मी जी किंचाळी मारली ती कय्यूमभाईंना दुकानात ऐकू गेली. ते धावत आले.

"काय नवस आहे सर?" त्यांनी विचारलं.

जोडणी त्यांच्याच दुकानात झाली. गिअरमध्ये घालायचं खास तेल वडशात मिळेना, तर ते म्हणाले, "शिलाई मशीनचं तेल घ्या. जगातलं सगळ्यात चांगलं तेल." ते इतकं चांगलं होतं की संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर आलं. पण गाडी उभी राहिली. चार चाकं, चार स्प्रिंगा, वर निळी टोपी. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. रंजीता, कांताबाई, कय्यूमभाई, सगळे भोवती उभे राहिले. मी रिमोटचा घोडा हळूच दाबला.

मोटर गुंईऽऽ करून ओरडली आणि बग्गी जागच्या जागी थरथरू लागली. पुढं नाही, मागं नाही. हिव भरल्यासारखी नुसती कापत होती. मी पोटावर आडवा होऊन पाहिलं. पुढची चाकं ब्रह्मपुरीकडे निघाली होती आणि मागची कुरखेड्याकडे.

मागचा गिअर मी उलट्या बाजूनं बसवला होता. तो सुलटा करायला सगळी गाडी पुन्हा उघडावी लागली.

"सर, संसारात बी असंच होते," कय्यूमभाई समजुतीनं म्हणाले. "पुढचे एकीकडं, मागचे एकीकडं." रंजीता स्क्रू हातात घेऊन बसली होती आणि मला हवा तो मी मागायच्या आधी देत होती. दुसऱ्या दिवशी तिची बहीण येणार होती.

मंडईच्या दिवशी दसरूभाऊंच्या बांधीत धानाच्या कोंड्याची पोती रचून वळणावळणाची वाट केली होती. एका अंगाला बोडी होती, म्हणजे शेतातलं तळं. पावसाळ्याचं पाणी अजून बरंच होतं. धुऱ्यावर माणसंच माणसं. ती आली होती बैलांसाठी, पण बैलांना अजून वेळ होता आणि मी फुकट होतो. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून ठाणेदार. त्यांनी लांबून हात हलवला. मी नमस्कार केला आणि रिमोट पाडला.

नावं बऱ्याच जणांनी दिली होती, पण ऐनवेळी दोघंच उरलो. कय्यूमभाई माइकवर गरजले, "साडू विरुद्ध साडू! इकडून आपले फिजिक्सचे सर, तिकडून चंद्रपूरचे इंजिनियर साहेब!"

अंकुशरावांची गाडी लालभडक, झगझगीत, ओरखडा नसलेली. स्वातीताई आणि रंजीता एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि दोघींच्या चेहऱ्यावर सारखंच हसू होतं, दात दुखत असताना फोटोसाठी हसतात तसं. अंकुशराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. नोव्हेंबरात.

"अश्विनराव," ते ओठ न हलवता म्हणाले, "गाडी आपल्याकडं तोंड करून परत येते ना, तेव्हा डावं-उजवं उलटं होते का हो?"

"होते," मी म्हणालो.

"मग काय कराचं?"

"मलेही नाही जमत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मी फक्त कॉलनीच्या सिमेंट रोडवर सरळ चालवली आहे," ते म्हणाले. "जाताना. येताना उचलून आनतो."

तेवढ्यात झेंडी पडली.

जाताना आम्ही दोघंही फार सुंदर गेलो. हे मी अभिमानानं सांगतो. दोन्ही बग्ग्या थोटकांवरून टणाटणा उडत, धूळ उडवत, जोडीच्या बैलांसारख्या बरोबरीनं गेल्या. लोक ओरडले. दसरूभाऊंनी अंगातली पैरण काढून फिरवली. लांबच्या वळणावर दोन्ही गाड्या वळल्या आणि तोंड आमच्याकडं करून आल्या.

घाबरला की माणूस मूठ आवळतो. देवानं त्याला तसंच केलं आहे. आणि रिमोट बनवणाऱ्यांनी मुठीच्या त्याच बोटाखाली वेग ठेवला आहे. मी डावीकडं वळवली, ती उजवीकडं गेली. मी घाबरलो, बोट आवळलं. शेजारी अंकुशरावांच्या तोंडून "अरे अरे अरे" ऐकू आलं, म्हणजे त्यांनीही आवळलं होतं. दोन्ही बग्ग्या पोत्यांना धडकल्या, पोती फोडून कोंड्याच्या ढगातून बाहेर पडल्या, बोडीच्या काठावरच्या पाळीवर चढल्या, हवेत गेल्या, आणि एकामागून एक बोडीत पडल्या. डुबुक. डुबुक.

"बॅटरी!" मी ओरडलो. "लिथियमला पाणी लागलं! कोणी जवळ येऊ नका!" आणि मी स्वतः धावत जाऊन पँट-बुटांसकट पाण्यात उतरलो. याला विज्ञानात काही आधार नाही. गर्दी आधी मागं सरली आणि मग काय होतं ते पाहायला अजून पुढं आली. ठाणेदार खुर्चीवरून उठले. माझ्या मागं पुन्हा पाणी उडालं. पाहतो तर अंकुशराव, चष्मा हातात, कमरेपर्यंत बोडीत.

"साडू पान्यात!" कय्यूमभाई माइकवर वेडे झाले होते. "दोनी साडू पान्यात उतरले!"

बैलांना मिळत नाहीत इतक्या शिट्ट्या आम्हाला मिळाल्या. आम्ही पायांनी चिखल चाचपत होतो. मी पाणी उकळतंय का ते पाहत होतो. गुडघ्याला काहीतरी लागलं की दोघंही दचकायचो. अखेर अंकुशराव वाकले, खांद्यापर्यंत हात घातला आणि वर काढला. हातात निळी टोपी. माझी बग्गी. गळ्यापर्यंत चिखल, एका चाकात पाणवेल अडकलेली, आणि बाकीची तीन चाकं अजून फिरत होती. मी रिमोट तोंडात धरला होता. हनुवटीनं बोटाचं काम केलं असावं.

मी झडप घालून बॅटरी सोडवली. ती फुगली नव्हती, तापली नव्हती, काही नव्हतं.

अंकुशरावांनी गाडी परत दिली नाही. त्यांनी ती उलटी केली, चिखल अंगठ्यानं पुसला, आणि चष्मा लावून पोटाकडून पाहू लागले.

"मोटर कोनती टाकली?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मधली," मी म्हणालो. आणि मग मला थांबता येईना. कमी वेढ्यांची तापते, या मातीत तर फारच तापेल, म्हणून मधली. आणि मोटरवरचा गिअर एका दातानं लहान घेतला, म्हणजे वळणातून निघताना उचल मिळते. ते मान हलवत होते. उगाच नाही, समजून हलवत होते.

"तरीच," ते म्हणाले. "वळनावर तुमची सरकली पुढं. मी पाहिलं."

धुऱ्यावरून रंजीता ओरडत होती, "अहो, या ना आता बाहेर! भाऊजी, तुमीबी! दसरूभाऊ बैल घेऊन उभे आहे, त्यायले पानी पाजाचं आहे!"

खरंच, पाळीवर दोन पांढरे बैल आमच्याकडं टक लावून पाहत उभे होते.

"आलो, आलो," अंकुशराव तिकडं न पाहताच म्हणाले आणि माझ्या बग्गीची मागची स्प्रिंग बोटानं दाबून पाहू लागले. "अश्विनराव, ही एवढी नरम काऊन ठेवली?"

त्यांची स्वतःची गाडी अजून बोडीतच होती. मी सांगायला सुरुवात केली.